निमॅटोड रेझिस्टंट टोमॅटो लावला तरी मुळाला गाठी, बियाणं बोगस का अजून काही?

गिरणारेकर

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे पण वाचा. गिरणारे शिवारात टोमॅटो करतो, जमीन खालच्या अंगाला काळी आहे आणि वरचा पट्टा मुरमाड, पाणी लगेच निचरतं. गेल्या साली वरच्या पट्ट्यात झाडं दुपारी मान टाकायची आणि संध्याकाळी परत उभी, आम्हाला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून ड्रिप वाढवलं, ह्युमिक सोडलं, मर समजून बुरशीनाशकाची आळवणी केली, कशालाच दाद नाही. शेवटी झाड उपटलं तर मुळं म्हणजे नुसती हळकुंडं. निम्म्यात प्लॉट सोडून दिला.

यंदा नर्सरीवाल्याने सांगितलं की हे निमॅटोड रेझिस्टंट, म्हणजे मुळात शिरणाऱ्या सूत्रकृमींना दाद न देणारं, वाण आहे, रोपाला जास्त पैसे लागतील पण टेन्शन नाही. घेतलं. मे अखेरीला लागण केली, लवकर माल निघाला तर भाव सापडतो म्हणून. आता तोडे चालू झालेत, झाडं गेल्या सालापेक्षा खूपच बरी आहेत, पण परवा सहज वरच्या पट्ट्यातलं झाड उपटून बघितलं तर गाठी आहेतच! कमी आहेत पण आहेत. नर्सरीवाला म्हणतो असं होऊच शकत नाही, दुसरं काहीतरी असेल. मग मला सांगा, फसवणूक झाली का? रेझिस्टंट म्हणजे गाठी यायलाच नको ना?

नानासाहेब_निफाड

पाकिटावर काय वाट्टेल ते छापतात. आमच्या वेळी लागणीच्या आधी फोरेट हे कीटकनाशक टाकायचं आणि मोकळं व्हायचं. गाठ नाही नि बीठ नाही.

दिंडोरी_द्राक्ष

नाना, फोरेट २०२० च्या डिसेंबर अखेरपासून बंद आहे देशात. कुठे जुना माल पडून असला तरी हात लावू नका, खायच्या मालात तर अजिबातच नाही.

मातीतला_माणूस

गिरणारेकर भाऊ, लगेच बोगस म्हणू नका. मी सूत्रकृमीशास्त्रात एमएस्सी केलंय म्हणून जरा तपशिलात लिहितो, पण आधी चार प्रश्न. गाठी सगळ्या झाडांना आहेत का एखाद्या-दुसऱ्याला? मुळावर नक्की कुठे आहेत, बुडाजवळच्या जुन्या जाड मुळांवर का टोकाकडच्या नव्या पांढऱ्या मुळांवर? मल्चिंग कोणतं, सिल्व्हर का काळं? आणि खालच्या काळ्या रानात काय परिस्थिती आहे?

गिरणारेकर

सर, उद्या बघून सांगतो. मल्चिंग पेपर काळा आहे, सिल्व्हर तेव्हा मिळत नव्हता आणि हा स्वस्तात मिळाला. बांधालगतच्या दोन सऱ्यांना पेपर पुरला नाही, त्या उघड्या आहेत.

मातीतला_माणूस

वा, उघड्या सऱ्या आहेत हे तर फारच चांगलं झालं, त्यातलीही झाडं उपटून बघा.

तोपर्यंत मूळ गोष्ट सांगतो. रेझिस्टंट झाडात निमॅटोड आत शिरतच नाही असा सगळ्यांचा समज असतो. तसं नाहीये. अंड्यातून निघालेली अळी अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते, डोळ्याला दिसत नाही. ती मुळाच्या टोकामागून आत घुसते, मग साधं झाड असो का रेझिस्टंट. साध्या झाडात ती मुळाच्या गाभ्यापर्यंत जाते, चार-सहा पेशी निवडते, तोंडातल्या सुईने त्यात लाळ सोडते आणि त्या पेशी फुगायला लागतात, आतली केंद्रकं वाढत जातात पण पेशी काही विभागत नाही. या महापेशी म्हणजे तिची कायमची खानावळ. अळी मग हलतच नाही, तिथेच फुगून मादी होते आणि चिकट पिशवीत तीनशे-पाचशे अंडी घालते. नराची गरजसुद्धा नाही बहुतेक जातींमध्ये. रान गरम असेल तर एक पिढी साधारण महिन्यात. म्हणजे टोमॅटोच्या एका प्लॉटमध्ये तीन-चार पिढ्या सहज.

रेझिस्टंट झाडात 'मी' नावाचा जीन असतो (इंग्रजीतलं एम आणि आय). अळीने ज्या पेशींवर तोंड लावलं त्या पेशी झाड स्वतःच मारून टाकतं, तेही एका दिवसाच्या आत. खानावळच बंद. अळी उपाशी मरते किंवा बाहेर निघून जाते. म्हणजे हा प्रतिकार दारावरचा नाही, घरात आल्यानंतरचा आहे, आणि तो चालायला झाडाची ती यंत्रणा त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत चालू पाहिजे. आता खरी मेख: जमिनीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की हा जीन ढिला पडतो. ३३ च्या आसपास तर रेझिस्टंट झाड आणि साधं झाड यात फरक राहत नाही. हे १९६० च्या दशकातच प्रयोगात दिसलेलं आहे.

मे अखेर, काळा पेपर, मुरमाड पट्टा. कळलं का मी काय म्हणतोय ते?

दिंडोरी_द्राक्ष

आयला. म्हणजे पेपरखाली भाजत होतं म्हणून.

टेरेसवाली_गंगापूररोड

मी शेतकरी नाही, गच्चीवर कुंड्यांत टोमॅटो लावते, पण माझ्याकडेही असंच झालं आहे. काळ्या ग्रो बॅग्ज, पश्चिमेचं ऊन. मुळांवर गाठी. आधी मला वाटलं की त्या गाठी चांगल्या असतात, शेंगवर्गाच्या मुळांना असतात ना नत्राच्या, तशा.

मातीतला_माणूस

ताई, नत्राच्या गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने ढकललं की सुटून येतात आणि कापलं तर आत गुलाबी दिसतं. निमॅटोडची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ओढलं तर मूळ तुटतं. आणि टोमॅटोला नत्राच्या गाठी नसतातच. ती माती दुसऱ्या कुंडीत टाकू नका, प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत ओलसर भरून एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर महिनाभर ठेवा किंवा सरळ नवीन कोकोपीट घ्या. बॅग पांढऱ्या रंगाची घ्या पुढच्या वेळी.

सटाणा_डाळिंब

आमच्याकडं डाळिंबाला हाच ताप आहे भो. मर मर म्हणून सगळे बुरशीमागं लागतात आणि मुळी उकरून कोणी बघत नाही. गाठी पडल्या की मुळीला जखम होते आणि त्यातून बुरशी आत शिरते, मग दोघं मिळून झाड खातात. टोमॅटोत पण तसंच असतं का?

मातीतला_माणूस

अगदी तसंच. फ्युजॅरियमची मर आणि निमॅटोड यांची जोडी जुनी आहे. म्हणून नुसती बुरशीची आळवणी करून झाड उभं राहत नाही.

गिरणारेकर

सर बघून आलो, सकाळीच भावाला घेऊन गेलो. वरच्या पट्ट्यात पेपरखालची पाच-सहा झाडं काढली, सगळ्यांना गाठी आहेत, पण तुम्ही म्हणालात तसं बघितलं तर गाठी सगळ्या बुडाजवळ, जुन्या मुळांवर. लांब गेलेली नवीन मुळं, पावसानंतर फुटलेली, ती स्वच्छ पांढरी आहेत, एखादी बारीक गाठ सोडली तर. बांधालगतच्या उघड्या सऱ्यांत गाठी शोधाव्या लागतात. खालच्या काळ्या रानात जवळपास नाहीतच. आणि शेजारच्या काकांनी साधं वाण लावलंय, त्यांचं एक झाड मागून घेतलं, ते बघितलं तर आमचं बरं म्हणायची वेळ आली, मूळ कुठलं आणि गाठ कुठली हेच कळत नव्हतं.

मातीतला_माणूस

भाऊ, तुम्ही तर प्रयोगच केलात, तोही तुलनेसकट. बियाणं बोगस असतं तर नव्या मुळांवरही गाठी पडत राहिल्या असत्या, निमॅटोड काही पावसाने मरत नाही, उलट ओलीत त्याला बरं वाटतं. आणि मिक्स रोपं असती तर काही झाडं पूर्ण स्वच्छ आणि काही पूर्ण गाठाळ दिसली असती. तुमच्याकडे सगळ्यांना सारख्या, फक्त जुन्या मुळांवर. म्हणजे लागणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जमीन तापलेली होती तेव्हा अळ्या बसल्या, मृगाचा पाऊस झाला, जमीन निवली आणि जीन कामाला लागला. काळ्या रानात मुळात निमॅटोड कमीच असतात, त्यांना हलकी, भुसभुशीत, हवा खेळणारी जमीन आवडते.

शंभर टक्के खात्री हवी असेल तर मुळं तपासायला द्या, कारण दुसरी एक शक्यता शिल्लक राहते, ती पुढे सांगतो.

पिंपळगाव_क्रेट

मी अडतीवर असतो, शेतीतलं फार कळत नाही, पण एक विचारू का. हे जीन वगैरे म्हणजे बीटीसारखं काही आहे का? गिऱ्हाईक विचारतं कधीकधी.

मातीतला_माणूस

नाही दादा, बीटीशी काही संबंध नाही. ही गोष्ट भारी आहे, ऐका. दक्षिण अमेरिकेत पेरू देशात एक रानटी टोमॅटो आहे, सोलॅनम पेरुव्हियानम, फळ हिरवंच राहतं, कोणी खात नाही. त्याला गाठी येत नाहीत हे लक्षात आलं पण आपल्या टोमॅटोशी संकर केला की बी धरायचं नाही, गर्भ आतच मरायचा. १९४४ साली कॅलिफोर्नियात पॉल स्मिथ या शास्त्रज्ञाने तो अर्धवट गर्भ काचेच्या नळीत वाढवला आणि संकराचं रोप जगवलं. मग पिढ्यानपिढ्या साध्या टोमॅटोशी परत परत संकर करून चव-आकार आपला आणि तो एक तुकडा रानटी, अशी वाणं तयार झाली. आज बाजारात जेवढे निमॅटोड रेझिस्टंट टोमॅटो आहेत त्यातल्या जवळजवळ सगळ्यांचा जीन त्या एकाच रोपापासून आलेला आहे. १९९८ साली तो जीन नेमका कोणता ते वेगळा काढून दाखवलं, सहाव्या गुणसूत्रावर आहे. जनुक बाहेरून घुसवलेलं वगैरे काही नाही, साधं संकरण.

म्हणूनच काळजी पण आहे. सगळ्या जगाचा भार एकाच जीनवर.

नानासाहेब_निफाड

हे सगळं ठीक आहे पण तुमचा तो जीन उन्हाळ्यात झोपतो आणि आमचे भाव उन्हाळ्यातच असतात. मग उपयोग काय?

दिंडोरी_द्राक्ष

नाना बरोबर बोलले 😀

मातीतला_माणूस

नाना, प्रश्न रास्त आहे. उष्णतेत टिकणारा दुसरा जीन रानटी टोमॅटोत सापडलेला आहे, त्याला मी-९ म्हणतात, पण आज पाकिटात जे मिळतं त्यात बहुतेक जुनाच आहे. त्यामुळे कडक उन्हाळ्यात लावायचं असेल तर नुसत्या वाणावर भिस्त ठेवू नका. खरीपात जून अखेर-जुलैची लागण, सिल्व्हर पेपर, यात तो जीन छान चालतो. हे मी वाण विकायला सांगत नाहीये, माझं कुठलं दुकान नाही.

आता पाकीट वाचायचं कसं ते. पूर्वी वाणाच्या नावापुढे नुसतं एन लिहायचे. आता चांगल्या पाकिटावर एमए, एमआय, एमजे अशी अक्षरं असतात. ही निमॅटोडच्या तीन जातींची नावं आहेत: अरेनॅरिया, इन्कॉग्निटा, जव्हॅनिका. आणि त्याआधी बहुतेक वेळा आयआर लिहिलेलं असतं, म्हणजे मध्यम प्रतिकार. एचआर म्हणजे उच्च. कंपनी स्वतःच सांगते की हा प्रतिकार मध्यम आहे, पण ही दोन अक्षरं नर्सरीपर्यंत येता येता गळून पडतात आणि शेतकऱ्याला ऐकू येतं 'टेन्शन नाही'. गिरणारेकर भाऊ, रोपाबरोबर बियाण्याच्या रिकाम्या पाकिटाचा फोटो मागत जा, लॉट नंबरसकट.

तर ती दुसरी शक्यता. हा जीन त्या तीन जातींवर चालतो. हॅप्ला नावाची थंड भागातली जात आहे तिच्यावर चालत नाही, पण ती आपल्याकडे सपाटीला सहसा नाही. त्रासदायक आहे ती एन्टेरोलोबी. पेरूच्या बागांमध्ये ती देशात आलेली आहे आणि कलमांच्या पिशवीतल्या मातीतून फिरते. ती असेल तर मी जीनचा उपयोग शून्य, थंडीतसुद्धा. जवळपास पेरूची नवीन बाग असेल तर तपासणी कराच.

गिरणारेकर

पेरू नाही जवळ. पण नमुना देतोच. कसा द्यायचा, कुठे द्यायचा?

मातीतला_माणूस

राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमीचं काम चालतं. आधी नाशिकच्या केव्हीकेत (कृषी विज्ञान केंद्रात), मुक्त विद्यापीठाच्या, विचारा, ते सांगतील नमुना कुठे पाठवायचा. नमुना घेताना वरची कोरडी माती बाजूला सारायची, झाडाच्या मुळाजवळून पंधरा-वीस सेंटीमीटर खोलवरची माती दहा-बारा ठिकाणची घ्यायची, एकत्र करायची आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत, सोबत बारीक मुळ्या. मेलेल्या झाडाजवळची घेऊ नका, तिथे खायलाच काही उरलेलं नसतं म्हणून निमॅटोड पण निघून गेलेले असतात, आजारी पण जिवंत झाडाजवळची घ्या. पिशवी उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली की नमुना मेला. आणि माती सुकवून पाठवू नका, खताच्या तपासणीसारखी ही तपासणी नाही, यात किडे जिवंत लागतात.

घरच्या घरी करायचं असेल तर संशयित माती कुंडीत भरा, काकडीचं बी टोचा, महिना-सव्वा महिन्याने उपटून मुळं धुवा. काकडी सगळं खरं सांगते.

सटाणा_डाळिंब

आम्ही गाठी मोजतो का हो कधी? 'जास्त' नि 'कमी' एवढंच.

मातीतला_माणूस

मोजायची सोपी पट्टी आहे. एकही गाठ नाही तर ०, एक-दोन असतील तर १, दहापर्यंत २, तीसपर्यंत ३, शंभरपर्यंत ४ आणि शंभराच्या वर ५. दोनपर्यंत असेल तर वाण रेझिस्टंट धरतात. पाच-दहा झाडांची काढून सरासरी घ्या. दुकानदाराशी बोलताना आकडा असला की आवाज चढवावा लागत नाही.

गिरणारेकर

मग आमची वरच्या पट्ट्यातली ३ येईल, बांधालगतची १. काकांच्या झाडाला पाच पण कमी पडतील.

दिंडोरी_द्राक्ष

एक गोष्ट मला राहून राहून वाटते. आम्ही द्राक्षवाले डॉगरिज या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळीवर, कलम का करतो? क्षार आणि पाण्याचा ताण सहन करतो म्हणून, आणि हाच खुंट मुळावरच्या निमॅटोडलाही दाद देत नाही. कोणी विचारत नाही की वरचं थॉमसन द्राक्ष रेझिस्टंट आहे का म्हणून, खाली खुंट आहे ना, बस. टोमॅटोत हे का नाही करत? वरती बाजाराला पाहिजे ते वाण, खाली मजबूत मुळी.

मातीतला_माणूस

करतात. पॉलिहाऊसमध्ये जगभर करतात. खुंट दोन प्रकारचे: एक टोमॅटोचाच, ज्यात मी जीन असतो, त्याची उष्णतेची अडचण तीच राहते, फक्त मुळी जोरदार असल्याने झाड तग धरतं. दुसरा रानवांगं, सोलॅनम टोर्व्हम. त्याचा प्रतिकार वेगळा आहे, मी जीनचा नाही. वांग्याची ग्राफ्टेड रोपं त्यावर बऱ्याच ठिकाणी करतात. टोमॅटोही बसतो पण वांग्याइतका मनापासून नाही, आणि टोर्व्हमचं बी उगवायला रडवतं.

आणि रोप लावताना सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. टोमॅटोला बुडाशी माती चढवायची आपल्याला सवय, सांधा गाडला गेला की वरच्या वाणाला स्वतःची मुळं फुटतात आणि खुंटाचे पैसे वाया. तुम्हा द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको.

नर्सरी_चालक_ओझर

मी नर्सरी करतो म्हणून बोलतो. ग्राफ्टेड रोप साध्याच्या कितीतरी पट महाग पडतं, दोन बिया, दोन ट्रे, क्लिपा, हीलिंग चेंबर, वर मजुरी. एकरी रोपांची संख्या बघता उघड्या रानातला शेतकरी दर ऐकूनच फोन ठेवतो. शेडनेट-पॉलिहाऊसवाल्याला परवडतं. तिथे रान तेच, पीक तेच वर्षानुवर्षं, आणि जमीन गरम, निमॅटोडची तर चंगळ.

अजून एक, वाणाबद्दल. गिऱ्हाईक पहिलं विचारतं व्हायरसला, बोकड्याला, चालतं का. निमॅटोडचं दहातला एक विचारतो. त्यामुळे कंपन्याही तेच पुढे करतात.

मातीतला_माणूस

नर्सरीवाले दादा, यात एक गंमत आहे. बोकड्याला, म्हणजे लीफ कर्लच्या व्हायरसला, चालणारा टीवाय-१ जीनही त्याच सहाव्या गुणसूत्रावर, मी जीनच्या शेजारीच बसतो, आणि तो आला दुसऱ्याच रानटी टोमॅटोतून. शेजारी असल्याने दोन्ही एकाच सरळ वाणात आणणं पैदासकारांना जड गेलं. हायब्रीडमध्ये वाट निघते, एक आईकडून, एक बापाकडून, कारण मी जीनची एक प्रत असली तरी काम भागतं. पाकिटावर दोन्ही दिसले तर ती साधी गोष्ट समजू नका. आणि हो, मी जीनमुळे पांढरी माशी आणि बटाट्यावरचा मावा यांनाही थोडा अटकाव होतो, पण त्या भरवशावर फवारणी सोडू नका.

आपल्या संस्थांनीही निमॅटोडला चालणारी वाणं दिलेली आहेत: दिल्लीचं पुसा १२०, हिसारचं हिसार ललित, लुधियानाचं पीएनआर-७, बंगळुरूचं अर्का वरदान.

पिंपळगाव_क्रेट

ही नावं आमच्याकडे क्रेटवर कधी ऐकली नाहीत. इथला व्यापारी माल हातात घेतो, अंगठ्याने दाबतो, कडक पाहिजे, लांबट, जाड साल, दोन-तीन दिवस ट्रकमध्ये टिकला पाहिजे. बाकी मुळाला गाठी आहेत का हिरे आहेत, त्याला काय करायचंय.

झेंडूवाली_मोहाडी

कोणी झेंडूचं बोललं नाही अजून. आम्ही दसऱ्याला झेंडू करतो, त्यानंतर त्याच रानात टोमॅटो केला तर मुळं चांगली निघाली, हा आमचा अनुभव. पण शेजारी टोमॅटोच्या कडेने एक ओळ झेंडू लावतात, त्याने काही होतं का? मला तर नुसती शोभा वाटते.

मातीतला_माणूस

ताई, तुमची शंका बरोबर आहे. झेंडूच्या मुळात घुसलेली अळी आत मरते, वाढत नाही, ते काम मुळाच्या आत आणि अगदी जवळ होतं. कडेच्या ओळीने मधल्या सरीतल्या निमॅटोडला काय फरक पडणार? पूर्ण रानात, दाट, दोन-अडीच महिने झेंडू आणि मध्ये तण नाही, तर फरक दिसतो. तण ठेवलं तर निमॅटोड तणावर जगतो.

नानासाहेब_निफाड

बेवड, म्हणजे पिकाची फेरपालट, महत्त्वाचा, हे आमचे वडील सांगायचे. मका करा मध्ये, काही होत नाही मक्याला.

मातीतला_माणूस

नाना, बेवडाचं शंभर टक्के खरं, पण मक्याचं नाही. इन्कॉग्निटा मक्यावर आरामात वाढतो, फक्त मोठ्या गाठी दिसत नाहीत म्हणून रान स्वच्छ वाटतं, आणि पुढच्या टोमॅटोत एकदम बाहेर येतो. सोयाबीन, हरभरा, भेंडी, वांगी, मिरची, काकडी-दोडका, सगळे त्याला चालतात. कांद्यावर कमी, पण कांदाही पूर्ण निर्मळ नाही. भुईमूग इन्कॉग्निटाला चालत नाही, म्हणजे तुमच्या रानात इन्कॉग्निटाच असेल तर उत्तम बेवड, पण अरेनॅरिया निघाला तर भुईमुगावरच त्याची दिवाळी. म्हणून मी मघापासून तपासणी तपासणी करतोय, नाहीतर मला काय हौस आहे. ताग मात्र डोळे झाकून पेरा, फुलावर यायच्या आत गाडा, खत पण होतं.

आणि रेझिस्टंट वाण त्याच वाफ्यावर दरसाल लावू नका. हजारात एखादा निमॅटोड असा निघतो जो त्या जीनला जुमानत नाही, त्यालाच मग सगळं रान मोकळं मिळतं. मध्ये दुसरं पीक घ्या, म्हणजे वाण टिकेल.

सटाणा_डाळिंब

औषधांचं सांगा ना, निंबोळी पेंड, पॅसिलोमायसिस, ते नवीन महागडं.

मातीतला_माणूस

थोडक्यात: निंबोळी पेंड चांगल्या कुजलेल्या शेणखतात पॅसिलोमायसिस आणि ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशी मुरवून बेसलमध्ये, म्हणजे लागणीआधीच्या खतात, द्या, लागणीनंतर आठवण झाली तर अर्धा उपयोग. रासायनिकमध्ये आता फ्लुओपायरम, फ्लुएनसल्फोन आहेत, फोरेटपेक्षा खूप सुटसुटीत, पण लेबलवर टोमॅटो लिहिलंय का, डोस किती, तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते वाचूनच. गाठी पडून गेल्यावर कुठल्याही औषधाने गाठ परत मूळ होत नाही. उन्हाळ्यात रान रिकामं असेल तर नांगरट करून तापू द्या, किंवा ओलवून पारदर्शक प्लास्टिक कडा गाडून महिना-दीड महिना. पारदर्शक म्हणजे पारदर्शक, मल्चिंगचा पेपर नाही चालत.

गिरणारेकर

मंडळी, उशीर झाला, तोड्यांच्या गडबडीत होतो. रिपोर्ट आला. इन्कॉग्निटा. सर, तुमचं खरं ठरलं, दुसरी जात नाही. नर्सरीवाल्याकडून पाकिटाचा फोटो घेतला, त्यावर बारीक अक्षरात आयआरच लिहिलंय. त्याने पण पहिल्यांदाच वाचलं म्हणे.

पुढच्या साली वरच्या पट्ट्यात टोमॅटो नाही. या प्लॉटची मुळं उपटून रानाबाहेर काढून जाळतो, रोटर मारून तिथेच चुरणार नाही, नाहीतर सगळी अंडी रानभर. मग उन्हाळी भुईमूग, जूनमध्ये ताग. टोमॅटो खालच्या रानात, जुलैत, सिल्व्हर पेपरवर, आणि वाण हेच.

पिंपळगाव_क्रेट

म्हणजे जादा पैसे वसूल झाले म्हणायचं का?

गिरणारेकर

वरचा पट्टा गेल्या साली निम्म्यात सोडला होता, यंदा तिथे अजून तोडे चालू आहेत आणि झाडाला फूल आहे. रोपाचे जादा पैसे पहिल्या दोन-चार तोड्यांतच निघाले. भाव पडले तो भाग वेगळा, त्याला कुठला जीन चालत नाही.

झेंडूवाली_मोहाडी

ताग पेरणार असाल तर बियाणं आत्ताच सांगून ठेवा, ऐन जूनमध्ये दुकानात मिळत नाही, मग लोक ढेंचा देतात आणि म्हणतात सारखाच आहे.

गिरणारेकर

सांगतो ताई. तुमच्याकडे उरला तर मेसेज करा, मी न्यायला येतो.